टांगलेली चटई: एका जर्मन सामासिक शब्दाचं दत्तकविधान

"मॅडम, पण चटई टांगली तर तिच्यावर झोपणार कसं? चटई अंथरतात ना?"

हा प्रश्न माझ्या संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात एका विद्यार्थिनीनं विचारला. वर्ग नवशिक्यांचा होता आणि धडा सामासिक शब्दांचा. जर्मनमध्ये दोन-तीन शब्द एकमेकांना चिकटवून नवा शब्द करायची फार हौस. शाळेत समासाचा विग्रह घोकलेल्या मराठी मुलांना हा भाग चटकन जमतो, म्हणून मी तो नेहमी आनंदानं शिकवते. फळ्यावर तीन शब्द होते. ‘क्यूलश्रांक’: थंड करणं अधिक कपाट, म्हणजे फ्रिज. ‘त्सानब्यूर्स्टे’: दात अधिक ब्रश. आणि तिसरा ‘हेंगेमाटे’: ‘हेंगन’ म्हणजे टांगणं, ‘माटे’ म्हणजे चटई, आणि दोन्ही मिळून दोन झाडांमध्ये बांधून झोपायची ती झोळी, इंग्रजीतला हॅमॉक. विग्रह सरळ होता: टांगायची चटई. बरीच वर्षं मी हेच उदाहरण देत आले होते, कारण याहून सोपा सामासिक शब्द मला सुचत नव्हता.

मुलगी वेंगुर्ल्याकडची. घरी बाळासाठी जुन्या नऊवारीची झोळी बांधलेली तिनं लहानपणापासून पाहिलेली. वस्तू तिच्या हाताखालून गेलेली होती. झोळीला पोट असतं, ती अंगाभोवती मिटते. चटई सपाट असते, आणि तिला दोन टोकांनी टांगलं तर तिच्या काड्या मोडतील. हे तिला दिसलं. व्याकरण शिकवण्याच्या भरात मला दिसलं नव्हतं. मी "उद्या सांगते" म्हटलं आणि घरी येऊन कोश उघडले. त्या रात्री आणि पुढचे कित्येक दिवस जे हाती लागलं, ते इथे एका प्रकरणासारखं मांडते आहे. एका शब्दाचं जन्मगाव शोधताना पुरावा कशाला म्हणायचं, हे मला या एका शब्दानं शिकवलं.

दोन्ही घराणी खानदानी

आधी मी दोन्ही तुकड्यांची कुळं तपासली. शब्दात काही खोट असेल तर तुकड्यातच सापडेल, असं वाटलं होतं. उलट झालं. दोन्ही तुकडे अस्सल निघाले, आणि पहिल्या तुकड्यानं तर मला थेट आपल्या घरात आणून सोडलं.

‘हेंगन’ हे क्रियापद जुन्या जर्मनमध्ये ‘हाहान’ असं होतं. जर्मनची बहीण असलेल्या, आता नामशेष झालेल्या गॉथिक भाषेतही ‘हाहान’च. त्यामागचं प्राचीन जर्मानिक, म्हणजे जर्मन-डच-इंग्रजीच्या समाईक कुळातलं, रूप ‘हांहान’ असं मांडतात. ‘ह’च्या आधीचा ‘न’ गळाला आणि स्वर लांबला, म्हणून ‘हाहान’. ज्या रूपांत ‘ह’चा ‘ग’ झाला तिथे ‘न’ टिकला, म्हणून आजचं ‘हेंगन’ आणि ‘हिंग’. ‘डेंकन’ म्हणजे विचार करणं, पण त्याचा भूतकाळ ‘डाख्टे’ होतो आणि मधला ‘न’ नाहीसा होतो. विद्यार्थी वैतागून कारण विचारतात. कारण हेच आहे.

आता याहून मागे जाऊ. जर्मानिक भाषांमधला शब्दारंभीचा ‘ह’ पुष्कळदा संस्कृतमध्ये ‘श’ म्हणून भेटतो. ‘हुंडर्ट’ आणि शत. कुत्रा या अर्थाचा ‘हुंड’ आणि श्वन्. ‘हॉर्न’ आणि शृंग. याच नियमानं ‘हांहान’चा संस्कृतमधला भाऊ शोधला तर कोशकार बोट ठेवतात ते ‘शङ्कते’ या क्रियापदावर, म्हणजे आपल्या ‘शंका’ या शब्दाच्या मुळावर. मूळ अर्थ लोंबकळणं, हेलकावणं, इकडे की तिकडे हे न ठरणं. लॅटिनमध्ये याच मुळातून ‘कुंक्तारी’ आलं, म्हणजे रेंगाळणं, निर्णय लांबवणं. आजच्या तुर्कस्तानात राहणाऱ्या प्राचीन हित्ती लोकांच्या मातीच्या पाट्यांवर हेच मूळ ‘टांगणं’ या साध्या अर्थानं आढळतं. जर्मनांनी त्यातलं टांगणं ठेवलं, आपण त्यातलं मनाचं हेलकावणं ठेवलं. ‘माझं मन टांगणीला लागलं’ असं म्हणताना मराठी माणूस हे दोन्ही अर्थ नकळत पुन्हा एकत्र आणतो. हे वाचलं तेव्हा मी जागची उठून खोलीत फेऱ्या घालू लागले.

‘माटे’ची गोष्ट वेगळी. हा शब्द जर्मनांचा जन्मजात नव्हे. उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘मात्ता’ या शब्दावरून तो जुन्या जर्मनमध्ये आला. ‘मात्ता’ म्हणजे लव्हाळ्याची चटई. लॅटिननं तो बहुधा उत्तर आफ्रिकेतल्या फिनिशियन वंशाच्या कार्थेजवासीयांच्या प्युनिक भाषेतून उचलला. त्या भाषेची बहीण असलेल्या हिब्रूमध्ये ‘मित्ता’ म्हणजे पलंग, बिछाना. तेव्हा ‘चटई’ हा अर्थसुद्धा मुळात अंथरुणापासूनच निघाला असावा. स्वित्झर्लंडमध्ये ‘माटे’ म्हणजे डोंगरउतारावरचं कुरण असाही अर्थ आहे, आणि त्सेरमाट या गावाच्या नावात तोच आहे. पण तो निव्वळ आवाजानं सारखा असलेला दुसरा शब्द. त्याचा आणि चटईचा काही संबंध नाही.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. कार्थेजच्या हॅनिबालशी थेट लढाई टाळून त्याला झुलवत ठेवणारा रोमन सेनापती फाबियस इतिहासात ‘कुंक्तातोर’, म्हणजे चालढकल करणारा, या नावानं ओळखला जातो. ‘हेंगन’चा भाऊबंद त्या रोमन सेनापतीच्या नावात बसला आहे आणि ‘माटे’चा पूर्वज त्याच्या शत्रूच्या भाषेत. आपल्या साध्या झोळीच्या नावाचे दोन्ही तुकडे प्युनिक युद्धात समोरासमोर उभे राहिले होते.

तर पहिला निष्कर्ष असा निघाला: तुकडे खरे, अर्थ लागतो, व्याकरण बिनचूक. कागदपत्रं सगळी जागेवर. तरीही मुलीचा प्रश्न तसाच राहिला.

शेजाऱ्यांची साक्ष

व्युत्पत्तीत एक जुनी रीत आहे. शब्दाला त्याच्या घरात विचारून भागत नाही, शेजाऱ्यांना विचारावं लागतं. शेजारी काय म्हणतात? इंग्रजीत ‘हॅमॉक’. स्पॅनिशमध्ये ‘आमाका’, लिहिताना मात्र आरंभी ‘ह’. फ्रेंचमध्ये ‘आमाक’, तिथेही लिहिताना ‘ह’. पोलिशमध्ये ‘हामाक’. रशियनमध्ये ‘गामाक’, कारण त्यांच्या लिपीत परक्या ‘ह’ला ‘ग’ लिहायची पद्धत होती. सगळीकडे तीच चौकट: ह, म, क. जर्मन शब्द स्वतंत्रपणे ‘टांगणं’ आणि ‘चटई’ यांपासून बनला असेल, तर त्याच वस्तूच्या परदेशी नावाशी त्याचा आवाज इतका जुळावा कसा? ‘हामाक’ आणि ‘हेंगेमाटे’चं जुनं रूप ‘हांगमाटे’ हे शब्द एकापाठोपाठ मोठ्यानं म्हणून पाहा. वस्तू एक आणि आवाज जवळजवळ एक असेल तर योगायोगावर विसंबू नये.

मग यातला मूळ कोण? जर्मन शब्द मोडून ‘हामाका’ झाला, की ‘हामाका’ सुधारून जर्मन शब्द झाला? इथे तारखा बोलतात.

कोलंबस १२ ऑक्टोबर १४९२ रोजी बहामा बेटांपैकी एकावर उतरला. त्याची मूळ रोजनिशी आज नाही, पण बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्यानं तिचा केलेला गोषवारा आहे. त्यात १७ ऑक्टोबरच्या नोंदीत तिथल्या लोकांची अंथरुणं कापसाच्या जाळ्यांसारखी असल्याचं म्हटलं आहे. ३ नोव्हेंबरला क्यूबाच्या किनाऱ्यावरच्या नोंदीत लोक होड्यांतून सूत आणि झोपायच्या जाळ्या विकायला घेऊन आले असं येतं, आणि त्या जाळ्यांना तिथे ‘हामाका’ म्हटलं आहे. हे स्पष्टीकरण कोलंबसाचं की नंतर लास कासासनं घातलेलं, यावर वाद होऊ शकतो. शब्द मात्र तिथल्या ताइनो लोकांचा, यावर वाद नाही. गोन्सालो फेर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश बखरकारानं १५३५ साली सेव्हिलला छापलेल्या आपल्या ग्रंथात हामाकाचं सविस्तर वर्णन केलं आणि सोबत लाकडी ठशाचं चित्रही दिलं. कापसाचं विणलेलं कापड, दोन्ही टोकांना दोऱ्या, झाडांना किंवा खांबांना बांधायचं. म्हणजे माझ्या विद्यार्थिनीच्या घरची झोळीच. चटईचा मागमूस नाही.

स्पॅनिशमध्ये आज तो ‘ह’ मुका आहे, मग डच आणि जर्मन शब्दात तो कुठून आला, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर त्या काळच्या उच्चारात आहे. सोळाव्या शतकात दक्षिण स्पेनच्या बोलीत ‘ह’ अजून ऐकू येत होता, आणि समुद्रापलीकडे जाणाऱ्यांत त्याच भागातले लोक पुष्कळ होते. त्यांनी ताइनो ‘ह’ ऐकला तसा लिहिला.

जर्मनांचं काय? तेही वस्तू पाहत होतेच. जर्मनीतल्या हेस्सेमधला हान्स श्टाडेन ब्राझीलच्या किनाऱ्यावर तुपिनांबा लोकांच्या कैदेत पडला, सुटून परत आला, आणि १५५७ साली मारबुर्गला त्यानं आपला वृत्तांत छापला. त्यात तो लिहितो की हे लोक कापसाच्या सुताच्या ‘इन्नी’मध्ये झोपतात. ‘इन्नी’ हा तुपी शब्द. श्टाडेनला या वस्तूसाठी कुठलाही जर्मन शब्द सुचला नाही. त्यानं स्थानिक शब्द जसाच्या तसा दिला आणि वस्तू समजावून सांगितली. माझ्या मते या प्रकरणातली ही मोठी साक्ष आहे. ‘टांगायची चटई’ हा साधासोपा समास जर्मन माणसाच्या मनात आपसूक तयार होणारा असता, तर तो श्टाडेनच्याच लेखणीतून उतरला असता. तो उतरला नाही.

मधली पायरी

सर्वात निर्णायक पुरावा मला डच भाषेत मिळाला, आणि तो एका अर्धवट, विजोड शब्दाच्या रूपात होता.

सतराव्या शतकात डच जहाजं अटलांटिक आणि हिंदी महासागरात सगळीकडे फिरत होती. ब्राझीलच्या ईशान्य भागावर १६३० ते १६५४ डचांचा ताबा होता, १६३४ साली त्यांनी कॅरिबियन समुद्रातलं क्युरासाव बेट घेतलं. त्यांच्या खलाशांनी ‘हामाका’ ऐकला, वस्तू जहाजावर आणली. हलत्या जहाजावर हिच्यासारखी दुसरी सोय नाही: जहाज कलंडलं तरी झोळी आपला तोल आपण सांभाळते, आणि सकाळी गुंडाळून ठेवली की तोफांना जागा मोकळी.

त्या काळच्या डच लिखाणात या वस्तूची नावं डळमळीत आहेत. ‘हामाक’ आहे. ‘हांगमात’ आहे, तो आजचा डच शब्द. आणि या दोहोंच्या मधे आहे ‘हांगमाक’.

‘हांगमाक’ या रूपाकडे नीट पाहा. पहिला तुकडा डच झाला आहे: ‘हांगन’, टांगणं. वस्तू टांगलेली दिसते आहे, ‘हाम’ला डचमध्ये इथे काही अर्थ नाही, तेव्हा कानानं ‘हाम’च्या जागी ‘हांग’ ऐकलं. दुसरा तुकडा मात्र अजून ताइनो आहे. डचमध्ये ‘माक’ म्हणजे माणसाळलेला, गरीब स्वभावाचा प्राणी. ‘टांगलेला माणसाळलेला’ या समासाला काही अर्थ नाही. म्हणून तो टिकला नाही. अर्ध्या शब्दाला अर्थ आला की उरलेला अर्धा बोचायला लागतो. मग ‘माक’ला सर्वात जवळचा, अंथरुणाशी नातं सांगणारा डच शब्द मिळाला, ‘मात’, चटई. शेवटचं व्यंजन फक्त बदललं. शब्द पूर्ण झाला.

ही मधली पायरी नसती तर कुणीही म्हणू शकलं असतं की डचांनी परक्या शब्दाकडे दुर्लक्ष करून स्वतःचा नवा समास बनवला. पण समास बनवताना कुणी ‘हांगमाक’ बनवत नाही. तो शब्द म्हणजे एक पाय जुन्या घरात आणि एक पाय नव्या घरात असलेला क्षण, आणि तो कागदावर पकडला गेला आहे. तो पाहिल्यावर माझ्या मनातली शंका, हेलकावणारी ती, थांबली.

डचमधून जर्मनमध्ये यायला वाट सोपी होती. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीत शिपाई आणि खलाशी म्हणून जर्मन मुलखातली माणसं फार मोठ्या संख्येनं भरती होत असत. समुद्रावरची जर्मन शब्दसंपत्ती त्यामुळे डच वळणाची आहे. खलाशी या अर्थाचा ‘माट्रोझे’ डचमधूनच आला, आणि त्याच्याही पोटात, एका मताप्रमाणे, जुना डच ‘मात्तेनोत’ आहे: एकाच अंथरुणाचा भागीदार. हे मत खरं असेल तर तिथेही चटईच आहे, आणि ती खरीखुरी. याच कंपनीनं १६३७ साली वेंगुर्ल्याला वखार घातली. तिची पडकी इमारत आजही उभी आहे आणि माझ्या विद्यार्थिनीनं ती शाळेच्या वाटेवर पाहिलेली आहे. मी तिला सांगितलं, "तुझ्या गावच्या बंदरात आलेल्या डच जहाजांवर हाच शब्द बोलला जात असणार." ती बराच वेळ काही बोलली नाही.

जर्मन पेहराव

सतराव्या शतकातच जर्मनमध्ये ‘हांगमाटे’सारखी रूपं दिसू लागतात. पुढे ‘हेंगेमाटे’ रूढ झालं. हा बदल बारीक आहे, पण मला त्यात जर्मन भाषेचा हात स्पष्ट दिसतो. क्रियापदाचा धातू आणि नाम जोडताना जर्मन बऱ्याचदा मधे एक ‘ए’ घालते: वाचनपुस्तक ‘लेझेबूख’, थांबायची खोली ‘वार्टेत्सिमर’. त्याच साच्यात ‘हेंग’ अधिक ‘ए’ अधिक ‘माटे’. आता तो शब्द झुलता पूल ‘हेंगेब्र्यूके’ आणि टांगता दिवा ‘हेंगेलांपे’ यांच्या ओळीत जाऊन बसला. ‘माटे’ स्त्रीलिंगी, म्हणून सगळा शब्द स्त्रीलिंगी. अनेकवचनही चटईसारखंच. ताइनो शब्दाचा एकही नियम शिल्लक नाही.

याच टप्प्याला मी दत्तकविधान म्हणते. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचं गोत्र बदलतं, आडनाव बदलतं, तो नव्या घरच्या पितरांचं श्राद्ध करतो. त्याला कुणी खोटा मुलगा म्हणत नाही. ‘हेंगेमाटे’ला खोटा शब्द म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याचा विग्रह व्याकरणानं आज खरा आहे, कारण जर्मन माणूस तो तसाच समजतो, त्यावरून नवे शब्द रचतो, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना मारला जाणारा, ‘सामाजिक झोळीत’ आरामात पडून राहण्याचा राजकीय टोमणाही त्याच समजुतीवर चालतो. तो विग्रह इतिहासानं मात्र खरा नाही. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला आधी कळलं नव्हतं.

पुढचा प्रवास तर अधिकच विलक्षण. स्वीडिशमध्ये हा शब्द ‘हेंगमाटा’ झाला. फिनिश लोकांनी त्याचं भाषांतर केलं: ‘रीप्पुमात्तो’. ‘रीप्पु’ म्हणजे लोंबणं. म्हणजे ताइनो शब्दातला ‘ह’ गेला, ‘क’ गेला, सगळा आवाज गेला, आणि फक्त डच खलाशांच्या कानाची चूक एका सर्वस्वी वेगळ्या कुळातल्या भाषेत जाऊन राहिली. चुकीलाही वंश असतो.

नाव ठेवणारा माणूस

अनोळखी शब्द ओळखीच्या तुकड्यांत बसवण्याच्या या प्रक्रियेला आपण लोकव्युत्पत्ती म्हणतो. ही संज्ञा जर्मनमधून आली. एर्न्स्ट फॉर्स्टेमान नावाच्या ग्रंथपालानं १८५२ साली एका भाषाशास्त्रीय नियतकालिकात जर्मन लोकव्युत्पत्तीवर लेख लिहिला आणि तेव्हापासून ‘फोल्क्स-एटिमोलोगी’ हा शब्द रुळला. हाच माणूस पुढे ड्रेस्डेनच्या राजग्रंथालयाचा प्रमुख झाला. त्या ग्रंथालयात माया लोकांची एक मूळ पोथी होती. उतारवयात तो तिच्यापुढे बसला आणि तिच्यातली कालगणना त्यानं उलगडली. जो माणूस आपल्या लोकांची शब्द ऐकण्याची चूक ओळखू शकला, त्यालाच परक्या लोकांची पोथी त्यांच्याच हिशेबानं वाचता आली. मला हे एकाच स्वभावाचे दोन भाग वाटतात.

अशी दत्तक मुलं जर्मनमध्ये आणखी आहेत. ‘आर्मब्रुस्ट’ म्हणजे यंत्रधनुष्य. विग्रह करा तर ‘बाहू अधिक छाती’, पण खरा पूर्वज लॅटिन ‘आर्कुबालिस्ता’. ‘फीलफ्रास’ हा उत्तरेकडचा प्राणी, विग्रह ‘पुष्कळ खाणारा’, मूळ नॉर्स भाषेत ‘डोंगरातला बोका’. प्रलयाचा ‘झिंटफ्लूट’ म्हणजे मुळात सर्वव्यापी पूर, पण शतकानुशतकं लोक त्याला ‘झ्युंडफ्लूट’, पापाचा पूर, म्हणत आणि लिहीत राहिले. ‘माउलवुर्फ’, म्हणजे चिचुंद्रीसारखा जमिनीखाली राहणारा प्राणी, आधी ढिगारे उडवणारा होता, मग माती उडवणारा, आणि शेवटी थोबाडानं माती उडवणारा झाला. प्रत्येकावर स्वतंत्र लिहिता येईल.

आपल्या पानातले ताइनो शब्द

या शोधात एक गोष्ट मला आतून हलवून गेली. ताइनो ही अरावाक कुळातली भाषा. स्पॅनिश आल्यानंतर काही दशकांतच रोगराई, सक्तीची मजुरी आणि हत्या यांनी ते लोक उद्ध्वस्त झाले. त्यांचे वंशज आहेत, स्वतःला ताइनो म्हणवणारे आहेत, पण आईकडून मुलाकडे अखंड आलेली ती भाषा उरली नाही. उरले ते विखुरलेले शब्द.

त्यातला एक रोज माझ्या स्वयंपाकघरात असतो. बटाटा. ताइनोमध्ये ‘बटाटा’ म्हणजे रताळं. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, नंतर अँडीजमधल्या दुसऱ्या कंदालाही तोच लावला, आणि पोर्तुगीजांबरोबर तो गोव्यात आणि कोकणात उतरला. मराठीनं तो जवळजवळ अभंग ठेवला. जर्मनांनी मात्र या कंदाला इटालियन लोकांच्या भूछत्राच्या नावावरून ‘टार्टुफेल’ आणि मग ‘कार्टोफेल’ म्हटलं. म्हणजे झोळीच्या बाबतीत जर्मननं निदान आवाजाचा सांगाडा सांभाळला, बटाट्याच्या बाबतीत तोही नाही. तिथे राखण मराठीनं केली.

मग पोर्तुगीजांनी बटाट्याबरोबर ‘हामाका’ही का आणला नाही? ब्राझीलहून १५०० साली राजाला लिहिलेल्या पत्रात पेरो व्हाज द कामिन्या हा लेखक घरांत टांगलेल्या त्या अंथरुणाला ‘रेदे’ म्हणतो. रेदे म्हणजे जाळं. पोर्तुगीज भाषेत घरातल्या झोळीचं नाव तेच राहिलं. जहाजावरच्या झोळीला त्यांनी ‘माका’ म्हटलं, ‘हामाका’चं डोकं उडालेलं रूप, आणि आज तो शब्द रुग्णाच्या स्ट्रेचरला वापरतात. आणि आपल्याला नव्या शब्दाची गरजही नव्हती. झोळी आपल्याकडे होतीच. उसाच्या फडात, झाडाच्या फांदीला साडी बांधून बाळ झोपवणाऱ्या बाईला त्या वस्तूचं नाव समुद्रापलीकडून मागवावं लागत नाही.

चुकीचा विग्रह करण्यात आपणही मागे नाही. ‘पाव’ हा शब्द पीठ पायानं तुडवतात म्हणून पडला, किंवा चौथा हिस्सा म्हणून पाव, असं मी लहानपणी किती जणांकडून ऐकलं आहे. तो पोर्तुगीज ‘पांव’ आहे, नाकातल्या उच्चाराचा, अर्थ भाकरी. गोव्यात तो भाजणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीजच. पायाची गोष्ट वाईट अशासाठी की तिनं शब्द समजावण्याऐवजी बेकरीवाल्यांवर संशय घेतला. डच खलाशांच्या चुकीनं निदान कुणाचं नुकसान झालं नाही.

फळ्यावर परत

पुढच्या आठवड्यात मी वर्गात तोच शब्द पुन्हा लिहिला. खोडला नाही. सामासिक शब्दाचं उदाहरण म्हणून तो आजही योग्य आहे आणि परीक्षेत कुणी ‘हेंगन अधिक माटे’ लिहिलं तर मी पूर्ण गुण देते. पण आता त्याच्या खाली वंशावळ काढते. उजवीकडे दत्तक घर: ‘हेंगन’, त्यावर ‘हाहान’, त्याच्या बाजूला आपली शंका. ‘माटे’, त्यावर ‘मात्ता’, त्यावर ‘मित्ता’. फळा वरपर्यंत भरतो.

डावीकडे जन्मघर. ‘हांगमात’, त्यावर ‘हांगमाक’, त्यावर ‘हामाक’, त्यावर ‘हामाका’. त्याच्या वर मी रेघ काढत नाही.

एका मुलानं विचारलं, "मॅडम, त्याच्या आधी काय?"

वेंगुर्ल्याच्या मुलीनंच त्याला सांगितलं, "त्याच्या आधी लिहून ठेवणारं कुणी नव्हतं. झोपणारे होते."

भाषांतराच्या गृहपाठात तिनं ‘हेंगेमाटे’ला मराठी प्रतिशब्द लिहिला होता: झोळी. मी बरोबरची खूण केली.